सर्वांत शेवटी तिची साक्ष

इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याला शिकारीचा नाद होता आणि त्याचा वैद्य विल्यम हार्वे याला त्या शिकारीत वेगळाच रस होता. रक्ताभिसरणाचा शोध लावणारा तोच हा हार्वे. हरणांचा माज शरद ऋतूत असतो. त्या दिवसांत आणि त्यानंतर मारल्या गेलेल्या हरिणी तो उघडून पाहायचा. नर-मादी एकत्र आल्यावर गर्भाशयात नेमकं काय जमतं, हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. अ‍ॅरिस्टॉटलपासून चालत आलेलं मत असं होतं की वीर्य आकार देतं आणि मादीचं रक्त त्या आकाराला द्रव्य पुरवतं. तसं असेल तर समागमानंतर आत काहीतरी गोळा सापडायला हवा. हार्वेला तो सापडला नाही. आठवड्यामागून आठवडे गर्भाशय रिकामं दिसत राहिलं आणि नोव्हेंबरच्या मध्यावर एकदम गर्भच नजरेस पडला. १६५१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने लिहिलं की वीर्य प्रत्यक्ष आत न पोचता, रोगाचा संसर्ग पसरावा तसा, दुरूनच परिणाम करत असावं.

आज कळतं की हरणाचा गर्भ पहिले काही आठवडे इतक्या तलम धाग्याच्या रूपात असतो की साध्या डोळ्यांना तो चिकट स्रावच वाटावा. अंडाशयं हार्वेने पाहिली होती, पण माजाच्या काळात त्यांच्यात काही फरक दिसेना, म्हणून त्याने ती हिशेबातून वगळली. त्याच्या निरीक्षणात खोट नव्हती. त्याने निवडलेला प्राणी त्या प्रश्नाला अडचणीचा होता.

ही गोष्ट एकट्या हार्वेची असती तर मी एवढी रेंगाळले नसते. पण पुढची तीनशे वर्षं हेच घडत राहिलं. ससा, बेडूक, कुत्री, समुद्रातले काटेरी जीव, उंदीर अशा एकेकाची साक्ष काढत माणूस स्वतःच्या जन्माविषयी मत बनवत गेला. प्रत्येक प्राण्याने काही खरं सांगितलं. आणि जे फक्त त्या प्राण्यापुरतं खरं होतं, तेही बाईच्या अंगावर टाकलं गेलं. गर्भ राहिला नाही, राहून पडला, मुलगीच झाली, की जाब विचारायला बाई पहिली. तिच्या शरीरात खरंच काय चालतं हे तिच्याकडूनच समजून घेण्याची पाळी मात्र शेवटी आली.

आपल्याकडे प्राण्यांऐवजी शेताची साक्ष काढली गेली. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात गर्भधारणेला ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज असे चार घटक लागतात, अंकुर फुटायला लागतात तसेच, असं सांगितलं आहे. मनुस्मृतीने त्यातले दोनच उचलले आणि बाई म्हणजे शेत, पुरुष म्हणजे बीज अशी सरळ वाटणी करून टाकली. वैद्याने चार घटकांचा मेळ पाहिला होता, धर्मशास्त्राने मालकीचा प्रश्न सोडवला. पीक कोणाचं हे ठरवायचं असलं की शेताला बोलायला लावून चालत नाही. सम रात्री मुलगा आणि विषम रात्री मुलगी हा हिशेबही मनुस्मृतीत आहे, आणि तो आजही महाराष्ट्रात व्यासपीठावरून सांगितला जातो. मूल मुलगा की मुलगी हे शुक्राणूतल्या गुणसूत्रावर ठरतं, याचा पाया १९०५ साली नेटी स्टीव्हन्स या अमेरिकी संशोधिकेने पीठकिड्याच्या पेशींमध्ये पाहून घातला. तरी मुलगी झाल्याचा बोल बाईलाच लागतो, आणि गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा देशातला पहिला कायदा १९८८ साली याच राज्याला करावा लागला.

सुश्रुताला मात्र एका बाबतीत न्याय द्यायला हवा. त्याने गर्भ राहण्याचा काळ बारा रात्रींचा सांगितला आणि तो संपला की गर्भाशय मिटतं असं म्हटलं. पाळीचे पहिले चार दिवस सोडून पुढच्या बारा रात्री धरल्या, तर बऱ्याच बायकांचं अंडं सुटण्याचा दिवस त्यात येतो. कसलंही उपकरण हाती नसताना हा अंदाज बांधलेला आहे आणि त्यामागे बायकांनी सांगितलेलं, सुईणींना ठाऊक असलेलं बरंच काही असणार, असं मला वाटतं. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय डॉक्टरांपेक्षा तो सत्याच्या जास्त जवळ होता. ते कसं, ते पुढे येईलच.

डच वैद्य रेनिए द ग्राफ याने १६७२ साली हार्वेने वगळलेल्या अंडाशयाकडे लक्ष वेधलं. डेल्फ्ट गावी बसून त्याने सशाच्या माद्या समागमानंतर ठरावीक तासांनी, ठरावीक दिवसांनी उघडल्या. अंडाशयावरचे फुगे फुटतात, तिसऱ्या दिवशी बीजवाहिनीत इवले गोल दिसतात आणि दोहोंची संख्या बहुधा जुळते, हे त्याने मोजून दाखवलं. फुगा म्हणजेच अंडं नाही, अंडं त्याच्या आत असणार, हे त्याला नीटसं सांगता आलं नाही. पण सोनोग्राफीच्या खोलीत आज ज्याला फॉलिकल म्हणतात तो त्याचाच फुगा. पुढच्याच वर्षी बत्तिसाव्या वर्षी तो गेला.

सशाने त्याला मोठं सत्य दिलं आणि त्याबरोबर एक मोठी दिशाभूलही. सशाच्या मादीचं अंडं समागम झाल्यावरच सुटतं. बाईचं तसं नसतं. ते आपल्या वेळेला सुटतं, कोणी जवळ असो वा नसो. पण समागमाशिवाय अंडं सुटत नाही ही समजूत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकली. तिच्यामागे आणखी जुनी एक कल्पना होती. बाईचंही बीज असतं आणि ते सुख मिळाल्यावरच सुटतं, असं मानणारी परंपरा गेलेनपासून चालत आलेली. इंग्लंडच्या मध्ययुगीन कायदेग्रंथांनी त्यातून निष्कर्ष काढला की बलात्काराची तक्रार करणाऱ्या बाईला गर्भ राहिला असेल, तर तिची संमती होती असं समजावं. शरीराविषयीचं अज्ञान निरुपद्रवी असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी या निष्कर्षापाशी थोडं थांबावं.

त्याच डेल्फ्टमध्ये १६७७ साली अँटनी व्हान लेवेनहुक या कापड व्यापाऱ्याने स्वतः घासलेल्या भिंगातून वीर्यात पोहणारे जीव पाहिले. मग शंभर-दीडशे वर्षं दोन पक्ष भांडत राहिले. एकाच्या मते सगळं मूल अंड्यात आधीच तयार, दुसऱ्याच्या मते शुक्राणूत. बेडकांच्या नरांना तलम कापडाच्या विजारी घालून वीर्य अडवणारा इटलीचा पाद्री स्पालान्झानी वीर्य आवश्यक आहे इथपर्यंत पोचला, पण ते पोहणारे जीव आवश्यक आहेत हे मानायला तयार झाला नाही. या भांडणातून हाती फारसं लागलं नाही. १८२७ साली कार्ल अर्न्स्ट फॉन बेअरने सहकाऱ्याच्या घरची कुत्री मिळवली आणि तिच्या फॉलिकलमध्ये एक पिवळसर ठिपका पाहिला. ती सस्तन प्राण्याची अंडपेशी होती. तिथून जवळपास पन्नास वर्षांनी ऑस्कार हेर्टविगने सी-अर्चिनच्या पारदर्शक अंड्यात दोन केंद्रकं एकमेकांत मिसळताना पाहिली आणि दोन्ही पालकांचा वाटा असतो की नाही हा वाद मिटला. शेत आणि बीज ही विभागणी त्या दिवशी विज्ञानातून संपली. घराघरांतून संपायला अजून वेळ आहे.

कुत्रीने मात्र पुढे घोटाळा केला, आणि तो मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत महागडा वाटतो. कुत्री माजावर येण्याआधी तिला रक्तस्राव होतो आणि पाठोपाठ अंडी सुटतात. १८४०च्या दशकात युरोपातल्या नामवंत संशोधकांनी ते पाहिलं, बाईच्या पाळीशी त्याची तुलना केली आणि ठरवलं की बाईची पाळी म्हणजे तिचा माज, अंडं त्याच सुमारास सुटणार. वास्तविक दोन्ही रक्तस्रावांचा एकमेकांशी संबंध नाही. कुत्रीचा रक्तस्राव सुरुवातीचा असतो. बाईचा शेवटचा असतो, न रुजलेल्या चक्राचं अस्तर पडून जाण्याचा. या तुलनेवरून डॉक्टरांनी सल्ला दिला की दोन पाळ्यांच्या मधले दिवस सुरक्षित. म्हणजे ज्या दिवसांत गर्भ राहण्याची शक्यता सर्वांत जास्त, नेमके तेच दिवस त्यांनी मोकळे म्हणून दाखवले. किती बायकांनी डॉक्टरांचं ऐकून नको असलेली बाळंतपणं काढली, किती जणींनी मूल हवं म्हणून चुकीचे दिवस मोजले, याची नोंद कुठे नाही. त्यांच्यातल्या अनेकींना स्वतःच्या अनुभवावरून संशय आला असेल. पण त्यांना विचारतो कोण?

र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं ते १९२१ साली. ‘समाजस्वास्थ्य’ हे त्यांचं मासिक १९२७ पासून १९५३ पर्यंत चाललं. या कामापायी नोकरी गेली, खटले झाले, त्यातल्या एका खटल्यात बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. कर्वे लोकांच्या शंकांना उत्तरं देत होते ते दिवस आठवले की मला एक गोष्ट चकित करते. त्यांनी केंद्र उघडलं तेव्हा बाईचं अंडं कोणत्या दिवशी सुटतं हे जगात कोणालाच खात्रीने ठाऊक नव्हतं. तरी अंदाजाला ज्ञान म्हणायला हा गणिताचा प्राध्यापक तयार नव्हता, आणि साधनांवर भर देत राहिला.

उत्तर जपानमधल्या निइगाता शहरातून आलं. क्युसाकु ओगिनो हा तिथल्या इस्पितळातला स्त्रीरोगतज्ज्ञ. वेगवेगळ्या कारणांनी पोटाची शस्त्रक्रिया होणाऱ्या बायकांची अंडाशयं तो त्याच वेळी बघायचा, फॉलिकल फुटलं आहे की नाही हे नोंदवायचा आणि त्यांच्या पाळीच्या तारखांशी पडताळायचा. हरीण नाही, ससा नाही, कुत्री नाही. आधीच्या पाळीपासून पुढे मोजलं की हिशेब लागेना, कारण कुणाचं चक्र सव्वीस दिवसांचं, कुणाचं पस्तीस. ओगिनोने उलटं मोजलं. पुढची पाळी ज्या दिवशी येते, तिथून मागे बारा ते सोळा दिवसांत अंडं सुटतं, हे त्याने १९२४ साली जपानीत प्रसिद्ध केलं. ऑस्ट्रियात हेर्मान क्नाउस स्वतंत्रपणे जवळपास तिथेच पोचला. मोजण्याची दिशा बदलली आणि शतकभराचा गोंधळ संपला. ओगिनोला हा शोध मूल होत नसलेल्या बायकांसाठी हवा होता. जगाने तो गर्भ टाळायला वापरला, आणि हे त्याला कधी रुचलं नाही.

दिवस कळला, पण त्यानंतरचा आठवडा अंधारातच होता. माणसाचा पहिल्या आठवड्यातला गर्भ कोणी पाहिलेला नव्हता. बोस्टनजवळच्या ब्रुकलाइनमधल्या बायकांच्या धर्मादाय इस्पितळात जॉन रॉक आणि आर्थर हर्टिग यांनी १९३८ पासून एक काम सुरू केलं. ज्यांचं गर्भाशय वैद्यकीय कारणाने काढायचंच होतं, अशा विवाहित बायकांना पाळीच्या, समागमाच्या, अंगाच्या तापमानाच्या नोंदी ठेवायला सांगितलं आणि शस्त्रक्रियेची तारीख अंडं सुटल्यानंतरच्या दिवसांत धरली. सोळा वर्षांत २१० बायकांच्या गर्भाशयांतून चौतीस गर्भ मिळाले, दोन पेशींच्या टप्प्यापासून सतरा दिवसांच्या वयापर्यंतचे. आजची कुठलीही नीतिसमिती या कामाला परवानगी देणार नाही, आणि ते योग्यच आहे. पण गर्भशास्त्राच्या पुस्तकात पहिल्या दोन आठवड्यांची जी चित्रं आपण पाहतो, त्यांचा आधार या बायका आहेत. डॉक्टरांची नावं पुस्तकात आहेत, त्यांची नाहीत.

त्याच इस्पितळात मिरियम मेन्किन रॉकसाठी काम करत होत्या. शस्त्रक्रियेत काढलेल्या अंडाशयातून अंडी वेगळी करायची, शुक्राणूंबरोबर ठेवायची, दोन-तीन दिवसांनी पाहायचं. सहा वर्षं काही घडलं नाही. १९४४च्या फेब्रुवारीत तान्ह्या मुलीच्या दातांमुळे रात्रभर जागलेल्या मेन्किन यांनी दमून नेहमीपेक्षा जास्त वेळ दोन्ही एकत्र राहू दिली, आणि काही दिवसांनी पेशी विभागलेल्या दिसल्या. काचपात्रातल्या मानवी फलनाची ही पहिली प्रसिद्ध नोंद. ते फलन खरंच होतं का, यावर पुढे शंकाही घेतल्या गेल्या.

इंग्लंडमध्ये रॉबर्ट एडवर्ड्सला सशाने पुन्हा अडवलं. सशाचं अंडं बाहेर काढल्यावर बारा तासांत परिपक्व होतं, आणि माणसाचंही तेवढ्याच वेळात होतं असं छापून आलेलं होतं. एडवर्ड्सने बारा तास वाट पाहिली, काहीच हालेना. अंडी दुर्मीळ, डॉक्टर ओळखीतून कधीतरी देणार. अखेर त्याने जास्त थांबून बघायचं ठरवलं, तेव्हा चोवीस तास उलटल्यावर केंद्रकात हालचाल दिसू लागली. पूर्ण परिपक्वता छत्तीस-सदतीस तासांनी. हे १९६५ साली प्रसिद्ध झालं. पॅट्रिक स्टेप्टो यांची दुर्बीण-शस्त्रक्रिया आणि जीन पर्डी या परिचारिकेची प्रयोगशाळेतली शिस्त यांच्या जोरावर २५ जुलै १९७८ला ओल्डममध्ये काचपात्रातल्या फलनातून पहिलं मूल जन्माला आलं. त्या खेपेला औषधं देऊन खूप अंडी पिकवण्याचा नाद सोडून त्यांनी त्या बाईच्या नैसर्गिक चक्रातलं एकुलतं अंडं घेतलं होतं. तिच्या शरीराची वेळ पाळली, तेव्हा जमलं.

सत्तर दिवसांनी, ३ ऑक्टोबरला, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नातून दुसरं मूल जन्मलं, गोठवून ठेवलेल्या गर्भातून. सरकारी समितीने त्यांचा दावा फेटाळला, बदली झाली, १९८१ साली त्यांनी जीवन संपवलं. पुढे मुंबईत परळला डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या कामातून ६ ऑगस्ट १९८६ला केईएममध्ये मूल जन्मलं आणि ते भारतातलं पहिलं म्हणून गाजलं. त्याच आनंदकुमारांनी नंतर मुखोपाध्यायांची टिपणं तपासली आणि १९९७ साली जाहीरपणे सांगितलं की पहिला मान आपला नाही, त्यांचा आहे. आपल्या विज्ञानाच्या इतिहासात इतकं निर्मळ वागणं मला फार थोड्या ठिकाणी दिसतं.

या साऱ्या साक्षींतून उभं राहिलेलं चित्र थक्क करणारं आहे. बाईची सगळी अंडी ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार होतात. जन्मतः दहा-वीस लाख, वयात येताना तीन-चार लाख, आणि आयुष्यभरात सुटतात ती चारशेच्या आसपास. गुणसूत्रं निम्मी करण्याचं विभाजन जन्माआधी सुरू होऊन मध्येच थांबतं आणि वीस, तीस, चाळीस वर्षं तसंच थांबून राहतं. मेंदूकडून एलएच या संप्रेरकाची लाट आली की ते पुढे सरकतं, साधारण छत्तीस तासांनी अंडं सुटतं, आणि विभाजनाचा शेवटचा टप्पा शुक्राणू आत शिरल्यावरच पूर्ण होतो. शुक्राणू आला नाही तर ते काम अर्धंच राहतं. अंडं जेमतेम दिवसभर टिकतं, शुक्राणू पाच दिवसांपर्यंत. एक आत गेला की अंडं काही मिनिटांत आपलं कवच बदलतं आणि दुसऱ्याला वाट देत नाही. पहिले दोन-तीन दिवस गर्भ चालतो तो अंड्यात साठवलेल्या आईच्या सूचनांवर. त्याची स्वतःची जनुकं नीट जागी होतात चार ते आठ पेशींच्या टप्प्यावर. उंदरात हे दोन पेशींवरच होतं. शिवाय उंदराचा कोवळा गर्भ पेल्यासारखा असतो आणि माणसाचा चपटी तबकडी. पाचव्या दिवशी पोकळ गोळा तयार होतो, आणि अंडं सुटल्यावर आठ ते दहा दिवसांत तो बहुधा गर्भाशयाच्या अस्तरात रुजतो.

बहुधा, पण नेहमी नाही. रॉक आणि हर्टिग यांच्या चौतीस गर्भांपैकी एक तृतीयांशाहून अधिक सदोष होते, कोणीही काहीही न करता. १९८०च्या दशकात नॉर्थ कॅरोलायनामध्ये अ‍ॅलन विल्कॉक्स आणि सहकाऱ्यांनी मूल हवं असलेल्या २२१ बायकांना रोज सकाळची लघवी गोळा करून ठेवायला सांगितलं. त्या नमुन्यांतून दिसलं की रुजलेल्या गर्भांपैकी ३१ टक्के पडून जातात, आणि त्यातले बहुतेक तर बाईला कळण्याआधीच. कारण बऱ्याचदा गुणसूत्रांच्या वाटणीत असतं, पपईत नसतं, हंडा उचलण्यात नसतं, नजर लागण्यातही नसतं. पोट पडलेल्या बाईला घरात जे प्रश्न विचारले जातात, त्यांच्यासमोर हा आकडा मोठ्याने वाचावा असं मला नेहमी वाटतं.

त्याच २२१ बायकांनी ओगिनोचं कामही पुरं केलं. गर्भ राहू शकतो ते दिवस सहा, अंडं सुटण्याच्या दिवशी संपणारे. पण हे सहा दिवस चक्रात कुठे पडतात, ते पाहिलं तर दहाव्या ते सतराव्या दिवसांच्या आत पूर्णपणे बसणाऱ्या बायका फक्त ३० टक्क्यांच्या आसपास निघाल्या. पाठ्यपुस्तकातला तक्ता मात्र अठ्ठावीस दिवसांचा असतो आणि अंडं बरोबर चौदाव्या दिवशी सुटतं. हरीण, ससा, कुत्री गेल्यावर त्यांच्या जागी आता ही सरासरी बाई येऊन बसली आहे, जी कुठल्याच घरात राहत नाही. दहावीच्या वर्गात तेहतीस दिवसांचं चक्र असलेली मुलगी तो तक्ता पाहते तेव्हा तिचं अंडं साधारण एकोणिसाव्या दिवशी सुटत असतं, आणि ओगिनोचा उलट्या मोजणीचा नियम एका ओळीत तिथेच छापता येण्यासारखा आहे.